दशांश अंशातली दलदल

२ मे

साठाने भागायचं. साठाने! हे शाळेत मला कुणीतरी सांगितलं असणार. मी तेव्हा बाकाखाली कविता वाचत असणार.

सरावासाठी डोंगरावरची एक जागा घेतली: ६६ अंश, १४ मिनिटं, ३० सेकंद. मी सरळ ६६.१४३० करून टाकलं. टिंब दिलं की झाले दशांश, अशी माझी समजूत! नकाशावर ठिपका उमटला – डोंगरावर नाही, अकरा किलोमीटर दक्षिणेला, फियोर्डच्या पाण्यात मधोमध. साहेब, म्हणजे स्टिग, मागे येऊन उभा राहिला.

"मुल्ते आता पाण्यात पिकतात का, इंगून?"

काम असं आहे. पवनचक्क्यांची कंपनी डोंगरावर रस्ता नेणार – तळ्याच्या पश्चिमेने किंवा पूर्वेने. गावातले लोक ज्या दलदलीत मुल्ते, ही नारिंगी रानफळं, वेचतात, तिच्यावरून रस्ता जाणार नाही; तसं लेखी दिलंय. पण जागा कळायला हव्यात. वीस तारखेच्या आत, पालिकेमार्फत, दशांश अंशांत. जी जागा कळवली नाही ती नाहीच असं धरणार.

आणि हे काम माझ्याकडे, कारण पालिकेतल्या नोकरीच्या अर्जात मी 'संगणकाची चांगली जाण' असं लिहिलं होतं. उभा जन्म वाङ्मय शिकवलं. शाळेने तो विषय बंद केला तेव्हा आईच्या गावी परत आले. त्या अर्जातली ती ओळ हे माझं एकमेव प्रकाशित ललित लेखन.

३ मे

अंश, अधिक मिनिटं भागिले साठ, अधिक सेकंद भागिले छत्तीसशे. बस्, एवढंच. ठिपका डोंगरावर चढला. मी खुर्चीत एकटीच हसले.

५ मे

एकही माणूस येईना. गावात कुणाला घराची किल्ली मागितली तर देतील, मुल्त्यांची जागा नाही. आज अखेर ओड्वार आला. पूर्वी फेरीबोटीवर होता, आता नुसता धक्क्यावर असतो.

"दार लाव."

"लावलंय."

"खिडकी?"

"दुसरा मजला आहे, ओड्वार."

"टूर्दिसला कळलं तर सबंध उत्तर किनाऱ्याला कळेल. शपथ घे."

"कुणाची?"

"तुझ्या आईची. – नको, थांब, तिची नको. तिलाही कळायला नको."

मग खिशातून शिकारीचं जीपीएस काढलं आणि आकडे माझ्यापुढे धरले. वाचून दाखवायला तयार नाही. त्याच्या यंत्रात सेकंद नाहीत, मिनिटांनाच दशांश. चौदा आणि वर अर्धं. मी १४.५ टाकलं. पडद्यावर आलं: १४ मे. पुन्हा टाकलं. पुन्हा १४ मे. ओड्वार म्हणाला, "तेव्हा तिथे बर्फ असतो."

तो गेल्यावर स्टिगला विचारलं. त्याने एका बोटाने टिंब खोडलं, स्वल्पविराम दिला. "आपल्याकडे दशांशाला स्वल्पविराम. टिंब तारखेला. तू भाषाच शिकवायचीस ना?"

स्टिग दक्षिणेकडचा आहे. त्यांच्याकडे मुल्ते डब्यातून येतात.

८ मे

सलूनवाली टूर्दिस ऑफिसात यायला तयार नव्हती. "तू केस कापायला ये, तुझे वाढलेत." वाढले नव्हते. पण गेले.

दुकानात आणखी दोघी बसलेल्या. टूर्दिस कैची चालवता चालवता मागून माझ्या कानाशी वाकायची. "सहासष्ट." कच्. "चौदा." कच्. मग मोठ्याने, त्या दोघींसाठी: "हिच्या आईचेही केस असेच, घोड्यासारखे!" मग परत कानात: "बत्तीस." मी चादरीखाली तळहातावर पेनने उतरवत होते. मिनिटं चुकली की डावी बाजू जास्त कापली जात होती. आता मी एका कानाकडून विद्यार्थिनी दिसते, दुसऱ्याकडून पाद्री.

संध्याकाळी तिची जागा घातली – अरबी समुद्रात! अक्षांशाच्या कॉलमात रेखांश टाकला होता. टूर्दिस बादली घेऊन भर समुद्रात उभी आहे आणि आजूबाजूला माशी नाही, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. तिला खरं तर ते आवडलं असतं. तिथे कुणी येत नाही.

११ मे

रविवार. आईकडे वॅफल्स, तपकिरी चीज. गेल्या वर्षीच्या मुल्त्यांची शेवटची बरणी तिने फोडली. म्हणजे खूश होती. म्हणून विषय काढला.

"नाही," आई म्हणाली.

"अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"यंत्राला सांगणार आहेस."

"नाही कळवलंस तर रस्ता तुझ्या जागेवरून जाईल. खडी टाकतील. ट्रक जातील."

"चीज घे."

ऐंशीला टेकलीय. गुडघे गेलेत. ऑगस्टमध्ये ती एकटी डोंगरावर जाते आणि दोन बादल्या भरून एकटीच उतरते. वर्षातले बाकीचे महिने तेवढ्यासाठी तग धरून असते. डॉक्टरने गुडघ्याचं विचारलं तर म्हणते, "ऑगस्टपर्यंत चालव." लहानपणी मी उठायच्या आत ती गेलेली असायची. बाबाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला नेण्याचा प्रश्नच नव्हता – मी दलदलीतही पुस्तक घेऊन बसले असते, हे तिचं म्हणणं. खरं आहे.

दारात म्हणाले, "आई, ती जागा गेली तर तू काय करशील?"

तिने मला वाटेत खायला एक वॅफल कागदात गुंडाळून दिलं. दहा वर्षांच्या मुलीला देतात तसं.

१३ मे

गाव फुटलं! कालपासून एकेक जण येतोय. जिन्यात दुसरा कुणी भेटला की सगळे कुत्र्याच्या परवान्यासाठी आल्याचं सांगतात. गावात एवढी कुत्री नाहीत.

सात जागा झाल्या. सगळ्या टाकल्या, फॉर्म्युला खालपर्यंत ओढला, नकाशा उघडला. एकच ठिपका.

म्हणजे मी परत काहीतरी घाण केलीय. पहिल्याच ओळीचं उत्तर सातही ओळींत उतरलेलं दिसतंय. स्टिगला सांगितलं नाही. फियोर्ड झाला, समुद्र झाला, आता हे. माणसाने एका पंधरवड्यात किती दिशांना चुकावं?

१४ मे

फॉर्म्युला पुसून सगळं परत लिहिलं. तोच ठिपका. मग कागद घेतला आणि सातही जागा हाताने साठाने भागल्या, इयत्ता पाचवीतल्यासारख्या, पेन्सिल चावत. उत्तरं तीच. नकाशा खूप मोठा केला तेव्हा ठिपका सुटा झाला: सात ठिपके, एकमेकांपासून दगड फेकावा एवढ्या अंतरावर. तळ्याच्या पश्चिमेला. हेस्तमीरा नावाची दलदल – कधीकाळी तिथे एक घोडा रुतला होता, त्यावरून नाव.

चूक नाही. सगळे तिथेच वेचतात!

सात घरं, सात शपथा, आणि एकच दलदल. प्रत्येकाला वाटतं ती फक्त आपली. इतकी वर्षं धुक्यात एकमेकांना चुकवून हीच माणसं त्याच मातीवर गुडघे टेकत आली, आणि एका अर्थी तेच त्यांचं देऊळ, तीच त्यांची मूक प्रार्थना –

हा परिच्छेद उद्या खोडायचा.

१५ मे

नाही खोडला. बरा आहे.

१७ मे

राष्ट्रदिन. झेंडे, बँड, मुलांच्या हातात आइस्क्रीम, बोचरा वारा. मिरवणुकीत मी ओड्वार आणि टूर्दिसच्या मधोमध होते. तो तिच्याकडे बघत नव्हता, ती त्याच्याकडे. आणि मला दोघांचं ठाऊक! गावात मी एकटीच अशी की जिला सगळ्यांचं ठाऊक. पाद्र्यालाही एवढं ठाऊक नसेल. मी गंभीर चेहरा करून चालत होते. टूर्दिस म्हणाली, "पोट बिघडलंय का?"

शाळेच्या हॉलमध्ये सॉसेज आणि कॉफी. आई पारंपरिक पोशाखात, छातीवर चांदीचा ब्रोच, पाठ ताठ. जाताना तिने माझ्या हातात कागदी रुमाल कोंबला. आत पेन्सिलने आकडे. अंश, मिनिटं, सेकंद – सुबक, तिच्या अक्षरात.

"कुठून आणलेस हे?"

"ग्रंथालयातल्या मुलीने नकाशावर काढून दिले. मी तिला म्हटलं, बाबाच्या बोटीचं आहे. घे आणि तोंड बंद ठेव."

सुट्टी असूनही ऑफिस उघडलं. चौदा भागिले साठ. एकतीस भागिले छत्तीसशे. आठवा ठिपका बाकीच्या सातांच्या मधे जाऊन बसला.

रडले. स्प्रेडशीटपुढे, कोट न काढता. आयुष्यभर जे मला सांगितलं नाही ते तिने आज सांगितलं, आणि मला ते नकाशावर नीट ठेवता आलं. डोंगरावर अजून गुडघाभर बर्फ आहे, जाऊन पाहता येत नाही. पण कुठे आहे ते आता मला माहीत आहे. पाच दशांश स्थळांपर्यंत.

२० मे

पाठवलं. सोबत माझं टिपण. स्टिगने त्यातली सगळी विशेषणं काढली. 'देऊळ' तर पहिल्याच फेरीत गेलं. 'पिढ्यान्‌पिढ्या' राहू दे म्हणाला, ते कायद्याला धरून आहे.

"आठ घरं, एक दलदल," तो म्हणाला. "याच्यापुढे कंपनी काय बोलणार? छान काम केलंस, इंगून."

नम्रपणे 'छे छे' म्हणायची जागा होती. मी म्हटलं, "हो."

१२ जून

जिंकलो! कंपनीचं पत्र: पश्चिमेकडची आखणी रद्द. हेस्तमीरा सुरक्षित. रस्ता तळ्याच्या पूर्वेने नेणार; खुंट्या ठोकायला माणसं येत्या आठवड्यात. स्टिगने बदामाचा केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा घरी नेला.

संध्याकाळी किराण्याच्या दुकानात ओड्वार भेटला. बटाटे निवडत होता. त्याला हळूच सांगितलं. तो बटाटा हातात धरून उभा.

"पूर्वेने?"

"हो! तुझी वाचली!"

"हं," म्हणाला आणि बटाटा परत ठेवला. पिशवी रिकामीच घेऊन गेला.

मागून टूर्दिस. तिने ऐकलंच होतं. "पूर्वेने म्हणजे किती पूर्वेने?" मी फोनवर नकाशा काढून दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला. मग माझ्या केसांकडे पाहून म्हणाली, "डावी बाजू नीट करायला हवी," पण ये म्हणाली नाही.

कुणी अभिनंदन केलं नाही. अर्थात, इथे भावना दाखवायची पद्धत नाही. उत्तरेकडच्या माणसाचं मौन या विषयावर मी पूर्वी एक तास बोलायचे, मुलं झोपायची.

आईला फोन केला. "बरं," म्हणाली. मग, "दूध उतू जातंय." आईकडे दूध नसतं. ती काळी कॉफी पिते.

हळवी झाली असणार.

२५ जून

सकाळी आई दारात. गमबूट, काठी. "चल."

पश्चिमेची वाट लागली तशी मी वळले. ती वळली नाही. तळ्याला पूर्वेने वळसा, मग बर्चच्या झाडांतून वर, दर थोड्या वेळाने थांबून, गुडघ्यावर हात ठेवून. शेवटी एक मोठी दलदल. सगळी पांढरी. मुल्त्यांची फुलं. एवढी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि त्यांच्यातून लाल फीत बांधलेल्या खुंट्यांची सरळ रांग.

"आणि हेस्तमीरा?"

"तिथे काय आहे! पाणी आणि डास. कुणी विचारलं तर सांगायची जागा आहे ती. माझी आईसुद्धा तीच सांगायची."

"मला खोटं सांगितलंस."

"तुला नाही. पालिकेला."

मी म्हटलं, "आई, आठही जणांनी तीच सांगितली."

ती काठीवर टेकून फुलांकडे बघत राहिली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "बाकीचे खरं सांगतील."

मी एक खुंटी हलवून पाहिली. घट्ट आहे.