शेजारची खुर्ची

मी, दीपंकर भीमाप्पा कोलकार, वय एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापक (इतिहास), राहणार निपाणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. स्मरणशक्ती उत्तम आहे. ती थोडी कमी असती तर बरं झालं असतं.

१. बँकेतली शिल्लक माझी मुलगी पारमिता हिला. ती बेळगावात वकिली करते. या पत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. जर्मन शब्दकोश एकोणीस वर्षांपासून प्रा. नागेंद्र हिरेमठ यांच्याकडे आहे. ते साक्षीदार असल्याने त्यांना या पत्रातून काही देणं बरं दिसत नाही. मी तो परत मागत नाही, इतकंच.

३. बाकीची पुस्तकं कॉलेजला. माझा प्रबंधही. विषय: जर्मनीतल्या एल्बरफेल्ड या विणकरांच्या गावातली गरिबांच्या मदतीची पद्धत. १८५३ पासून तिथे शहराचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागावर एक बिनपगारी नागरिक नेमत. मदत पंधरा दिवसांपुरती मंजूर होई. हा नागरिक घरी जाऊन चूल, भांडी, अंथरूण बघे आणि लायक कोण ते ठरवी. पुढे जर्मनीतल्या अनेक शहरांनी ही पद्धत उचलली. तिथल्या दफ्तरखान्यात बसून मी त्या नोंदी वाचल्या आणि प्रबंधात लिहिलं, 'पाहणाऱ्याला भांडं दिसतं, माणूस दिसत नाही.' परीक्षकांनी हे वाक्य वाखाणलं. त्या पानात एक छापील फॉर्म ठेवला आहे. तो काढू नये. पुढच्या वाचकाला दोन्ही एकत्र मिळावीत.

४. फॉर्म माझ्या अक्षरात भरलेला आहे. जून १९९६. तंबाखूच्या वखारीतल्या विधवांच्या मुलींसाठी आम्ही काही जण शिक्षणनिधी चालवत होतो. घरोघर जाऊन पाहणी करण्याचं काम मी मागून घेतलं. नागुबाईंच्या घरी गेलो. मी जमिनीवर बसू लागलो, तर त्या म्हणाल्या, "खाली नगा बसू, सर. गरीब आसलो म्हणून काय झालं? खुर्ची हाय." चहा कपबशीत आला. साखर भरपूर होती. बाहेर येऊन मी लिहिलं: खुर्ची, चार कपबश्या, साखर. गरज दिसत नाही.

छत्री विसरली म्हणून दहा मिनिटांनी परत वळलो. नागुबाईंची मुलगी अक्काताई, वय बारा, खुर्ची डोक्यावर घेऊन बोळातून येत होती. "सर, शेजारच्यांची हाय. द्यायला चाललोय," ती म्हणाली. हसली.

शाई वाळलेली होती. नोंद मी बदलली नाही. नोंद निःपक्षपाती असावी, असं मला वाटलं. माझी आई गंगव्वाही वखारीत होती. शिष्यवृत्तीच्या कागदासाठी हेडमास्तर आमच्या घरी आले, तेव्हा शेजारच्या कपबश्या मीच आणल्या होत्या. म्हणजे मला माहीत होतं.

त्या वर्षी अक्काताईची शाळा सुटली. ती आईशेजारी वखारीत बसली. तिसऱ्या वर्षी नागुबाई खोकत गेल्या.

५. निधीने मला दिलेलं निःपक्षपातीपणाचं मानपत्र दिवाणखान्यात आहे. ते देणाऱ्या सेक्रेटरींनी माझा फॉर्म न वाचता त्यावर सही केली होती. मानपत्र त्यांच्या मुलाकडे पोचवावं.

६. निपाणीतलं माझं स्वकष्टार्जित दोन खोल्यांचं घर, सामानासह, अक्काताईला. ती अजून विड्या वळते. घराबद्दल एक सांगायला हवं. दिवाणखान्यात रोज सकाळी कुणीतरी खुर्ची आणून ठेवल्याचा आवाज येतो. मी उठून बघतो. खुर्च्या जिथल्या तिथे असतात. तिला हा आवाज येईल असं वाटत नाही.

पारमिताने विचारलं, "आप्पा, तिला आता खरंच गरज आहे का? एकदा जाऊन बघून येऊ का?" तिचा हेतू चांगला होता. माझाही होता. बघून येऊ नये.

मागच्या वर्षी मी स्वतः गेलो होतो. अक्काताई दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, तुम्ही आत आलासा तर मला परत शेजारनं खुर्ची आणाय लागंल. हितनंच बोला." मी तिथूनच परत आलो.

म्हणून पारमिताला सूचना. किल्ली आणि कागद घेऊन अक्काताईकडे जावं. उंबऱ्याबाहेर थांबावं. हे नागुबाईंच्या नावाने दिलं आहे, एवढंच सांगावं. नको म्हणाली, तर का ते विचारू नये. घर बंद ठेवावं आणि दर वर्षी जूनमध्ये किल्ली घेऊन पुन्हा जावं.

आत बोलावलंच, तर ती खुर्ची आणायला निघण्याआधी जमिनीवर बसावं. चहा दिला तर प्यावा. कपबशी कोणाची आहे, हे पाहू नये.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

दीपंकर भीमाप्पा कोलकार

साक्षीदार:
१. प्रा. नागेंद्र हिरेमठ, सहकारी
२. मारुतीराव चौगुले, निवृत्त पोस्टमास्तर

निपाणी, १२ जून २०२४