तंबूच्या काठ्या

प्रिय वहिनी,

‘वहिनी’ लिहिलं आणि मिनिटभर पेन तसंच धरून बसले. तुझ्या नि दादाच्या घटस्फोटाच्या सह्या होऊन वर्ष उलटलं, म्हणजे कागदोपत्री तू माझी कुणी नाहीस. पण दुसरं काही म्हणायला जीभच वळत नाही, आणि नावाने हाक मारली तर तूच दचकशील. तर वहिनीच.

अगं, राष्ट्रीय उद्यानाचं बुकिंग मिळालं! वरच्या तळ्याकाठी मुक्कामाचं! तू दरवर्षी सकाळी साइट उघडून बसायचीस आणि डोळ्यांदेखत सगळ्या जागा उडायच्या, तेच. यंदा मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्मा बसवता बसवता दुसऱ्या हाताने फोनवर बटणं दाबली नि जागा मिळाली. मी ओरडलेच. आजोबांना वाटलं, त्यांचा नंबर उतरला.

तेव्हापासून तयारी चाललीय. गाड्या लावायची जागा उजाडायच्या आत भरते म्हणे, म्हणून पायथ्याच्या गावात राहून बसने वर जायचं ठरवलंय. बूट घालून घरातल्या घरात हिंडते. खालच्या मजल्यावरची बाई परवा विचारायला आली, पाहुणे आलेत का म्हणून. एवढा पायरव या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता ना!

रविवारी माळ्यावरून पाठपिशवी काढली आणि फसले. आत तंबूच्या काठ्या निघाल्या, तंबू नाही. स्टोव्ह निघाला, पातेलं नाही. तुझाच नियम! प्रत्येक वस्तू अर्धी तुझ्या पाठीवर, अर्धी माझ्या, म्हणजे वाटेत रुसून कुणी पुढे निघून गेली तरी संध्याकाळी झक मारत परत येईल. दादा किती हसायचा आपल्याला. तुम्ही दोघांनी भांडी, कपाटं, सगळं वाटून घेतलंत, पण आपल्या पिशव्यांचा विषय कुणी काढलाच नाही.

मग नवा तंबू बघायला गेले. दुकानदार म्हणाला, एकट्याचा मिळतो, आत झोपून बघा. झोपले. चांगला होता गं, पण कुठल्याही कुशीवर वळलं की समोर कापडच. तुझं घोरणं नाही, बडबड नाही. मला तिथेच रडू कोसळलं. चेन आतून लवकर सापडेना, ते बरंच झालं. बाहेर येऊन म्हटलं, जरा अरुंद आहे.

खरं सांगू, या वर्षात मी फार एकटी पडले. दादा फोन करतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो. तुला करायला कितीदा फोन उचलला, पण वाटायचं, त्याच्या बहिणीचा आवाज तुला आता नको असेल. तूही केला नाहीस. तुलाही असंच काही वाटत असेल, असं मी धरून चाललेय. पण वहिनी, काडीमोड तुमची झाली. आपली कधी झाली?

म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारची जागा आहे, आणि ती मी दोघींच्या नावाने घेतलीय. तुला न विचारता, हो. तंबूचं कापड नि पातेलं तुझ्याकडे आहे. ते पोस्टाने आलं तर मी काय ते समजेन, पुन्हा त्रास देणार नाही. पण पाठवू नकोस गं. पाठीवर घेऊन ये. मी पायथ्याच्या बसथांब्यावर काठ्या घेऊन उभी असेन.

तुझीच,
अजून राजीनामा न दिलेली नणंद