पेटीवरचा पत्ता

मुरुड, शुक्रवार, १३ मे

साडूच्या पत्राला उद्या उत्तर टाकायलाच हवं. पुण्याच्या कारखान्यात रंगाऱ्याची जागा आहे, पण काम ठशानं आकडे मारायचं. अक्षर माझं नसणार, तेच खुपतंय. उस्मानाबाद तोडून नवा जिल्हा झाला तेव्हा गावातल्या साऱ्या पाट्यांवर 'जिल्हा लातूर' मीच लिहिलं, कुणाकडे न शिकता. आता या दुष्काळात पाटी कोण रंगवतो? महिनाभर गाव सोडणाऱ्यांच्या पत्र्याच्या पेट्यांवर नाव-पत्ता लिहून पोट भरतोय.

संध्याकाळी बायकोनं आमचीच पेटी पुढ्यात आपटली. "लोकांच्या लई लिहिल्या. आता ही लिहा."

"मी जातो म्हणालो का?"

"मग न्हाई तरी कुठं म्हणालात?"

खडूनं रेघा आखल्या, नाव लिहिलं आणि खाली सवयीनं 'जि. उस्मानाबाद' लिहून बसलो! गावाच्या पाट्या दुरुस्त करणारा मी. रॉकेलनं पुसलं, तरी डाग राहिलाच.

गिऱ्हाइकाला मी नेहमी विचारतो, पत्ता इथला की तिथला? सगळे म्हणतात, इथलाच घाला; पेटी हरवली तर घरी तरी येईल.

त्या डागावरच लिहिलं, 'मु. पो. मुरुड, जि. लातूर'. सकाळपर्यंत वाळेल. साडूला कळवतो, येतो म्हणून.