रेंजफाइंडर घ्यावा की नाही

४ फेब्रुवारी
मालकांना, सावंतकाकांना, आज सांगून टाकलं. फुल फ्रेम डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचाय. स्टुडिओचं शटर ओढता ओढता हसले. "ऑटोफोकस नाही, झूम नाही, आणि किंमत सेकंडहॅण्ड गाडीची. बारावी नापास झालास तेव्हा तरी डोकं ठिकाणावर होतं रे तुझं."
मग म्हणाले, पुढच्या गुरुवारी मानपाड्याला हळद आहे. भाड्याने आण, सगळे फोटो त्याच्यावर काढ. एकही मोठा क्षण चुकला नाही, तर कॅमेऱ्याचे अर्धे पैसे माझे. चुकला, तर विषय बंद आणि मी परत पासपोर्ट फोटोंवर.
हो म्हणून बसलो. कान अजून गरम.

१० फेब्रुवारी
ठाण्याहून आणला. बॅग पोटाशी धरून आलो. कॅमेरा छोटा, पण जड. वरच्या खिडकीत डोळा लावला की एका माणसाची दोन दिसतात. रिंग फिरवून एकावर एक बसवायची, झाला फोकस. आईला पोळ्या लाटताना काढलं. बारा फोटो, बाराही काळे. लेन्सचं झाकण तसंच! खिडकी लेन्समधून बघत नाही, म्हणून कळलंच नाही.
आई : "एवढा महाग, आणि झाकण काढ एवढं सांगत नाही?"

१२ फेब्रुवारी
दिवसभर अंतरं. दार, फ्रिज, जिना. आधी नजरेने सांगायचं, मग टेपने मोजायचं. संध्याकाळपर्यंत चूक वीतभरावर आली.

१३ फेब्रुवारी
हळदीहून आत्ता आलो. नखं पिवळी.
रिंग दीड मीटरवर ठेवली, आणि मीच पुढेमागे सरकत राहिलो. या खिडकीत फोटोच्या चौकटीबाहेरचंही दिसतं. नवऱ्याची मामी हळदीची वाटी लपवून येताना आधीच दिसली. तिने ती त्याच्या डोक्यावर पालथी केली, तेव्हा मी तयार.
मग धवलारीण. मांडवात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी म्हातारी, बायजाआजी. व्हिडिओवाला विकी लाइट घेऊन जवळ गेला की पदर तोंडावर आणि गाणं बंद. नवऱ्याची आई विकीवर भडकली. "तिचा गानं थांबला तं हळद थांबंल रं!"
मी लाइटशिवाय जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.
"यो कनचा रं? तुझे आजाचा हाय का?"
"भाड्याचा आहे, आजी."
हसली. पदर सोडला. गायला लागली. सात फोटो.

१४ फेब्रुवारी
काका कॉम्प्युटरवर एकेक बघत होते, मी मागे उभा. अठरा फोटो हललेत, हे आधीच सांगून टाकलं.
"गप रे. मोठं काही गेलेलं नाही."
बायजाआजीवर थांबले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, कपाळावरची एकेक सुरकुती स्वच्छ, मागे मांडवाचा अंधार. मोठा केला. अजून मोठा केला. "आपल्या जुन्या कॅमेऱ्यावर हा अंधार नुसता रव्यासारखा दाणेदार दिसला असता." चष्मा पुसला. "घे. अर्धे माझे."
जिंकलो!! जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. कॅमेरा आजच परत द्यायचा होता. काउंटरवर ठेवताना हात सुटेना.

१७ फेब्रुवारी
आजीला प्रिंट नेऊन दिली. लांब धरली, जवळ धरली. "मी गाताना अशी दिसतंय?" इतकी लग्नं गायली, पण गातानाचा फोटो हा पहिलाच. शेजारणींना हाका मारून दाखवला. "कवा कारलास रं? मना कललाच नाय."
तिथेच काकांचा फोन. "बुक केलास का?"
नाही केला. कारण जुना कॅमेरा घेऊन, लाइट न लावता, असा जमिनीवर मी कधी बसलोच नव्हतो. फोटो त्या कॅमेऱ्याने आला की बसल्याने, हे बघायला हवं. म्हटलं, दोन दिवस द्या.
"मी पैसे देतोय आणि तू परीक्षा घेतोस? वेडा आहेस."
आजीला विचारलं, उद्या जुना घेऊन येऊ का? पुन्हा गाणार का?
"ये की. पन मांडवानं गायलू तसा नाय जमला, तं मना नको बोलूस."