वीतभर की चार भोकं

सासुओलो, १२ मार्च

नेदाताई,

तू, भावजी, आई आणि माझी चिमणी भाची यांका, सगळी बरी असाल. मीही बरा आहे. म्हणजे आजच्यापुरता. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन केला की आई शेजारी येऊन उभी राहते आणि तू आवाज मोठा करतेस. हे एकटीने वाच.

इथली थंडी सरली. कारखान्यात टाइल्सच्या पेट्या उचलणं चालू होतं. होतं म्हणजे, तीन आठवडे मी गेलोच नाही. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, मी म्हटलं लचक भरली असेल. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली, संत्र्याएवढी. आत जंतांची पिल्लं. कुत्र्याकडून येतात म्हणे. लिव्हरचा तेवढा तुकडा कापून काढायचा आहे.

त्याच्या दोन तऱ्हा. एक, पोटाला चार भोकं पाडून, आत कॅमेरा घालून. दुखतं कमी, रक्त कमी जातं, चार-पाच दिवसांत घरी. दुसरी, बरगडीखाली वीतभर फाडून. मग दहा दिवस दवाखाना आणि दोन महिने काही उचलायचं नाही. माझ्या खोलीत राहणाऱ्या दिमोला सांगितलं तर म्हणतो, "भोकंच पाडून घे लेका! गावात बासरी उरली नाही, सणाला तुलाच फुंकू." मी हसलो. मग न्हाणीत जाऊन आरशात पोट बघत बसलो.

आधी मी भोकांवरच सही केली होती. खरं कारण ऐक. मे महिन्यात सेंट जॉर्जच्या सणाला येईन तेव्हा आईला काही दिसू नये. बारीक डाग काय, टाइल लागली म्हणून सांगितलं असतं.

पण परवा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "भोकांतून मी दर आठवड्याला करते. पण तुझी गाठ मागे, मोठ्या शिरेला चिकटून आहे. फुटून पोटात सांडली तर थेंबाथेंबातून नव्या गाठी होतील. पोट उघडं असलं की मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी चहूकडून खोचता येतात. रक्त आलं तर बोटाने दाबता येतं."

"मग पोट उघडून केलं तर मी मरणार नाही?"

"धोका कमी की जास्त एवढं सांगते, पोरा. शून्य कुणी सांगत नाही."

मग त्यांनीच विचारलं, "घरी मेंढी कापता तेव्हा खराब कलेजीचं काय करता?"

ताई, तुला आठवतं ना? सणाला म्हातारी मेंढी कापायचो, कलेजीवर पांढरे फुगे दिसले की आजोबा म्हणायचे, खोल पुरून ये. मी एकदाही पुरली नाही. खणायचा कंटाळा. आपल्या कुत्र्याला, मुर्जोला टाकायचो, तो मागच्या पायांवर नाचायचा ना, म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या फुग्यांतूनच कुत्र्याला जंत होतात. तोच मुर्जो यांकाचं तोंड चाटतो.

तिला पोटाच्या सोनोग्राफीला ने. तुम्ही सगळेही करून घ्या. सण झाल्यावर नाही, उद्याच. मुर्जोला मारू नका, जंताचं औषध द्या. त्याने काय केलंय? केलं ते मी.

मी कागद परत मागून घेतला आणि पोट उघडण्यावर सही केली. सोमवारी सकाळी आहे. दिमो म्हणतो, व्रण म्हणजे मर्दाचा दागिना. मला नको गं दागिना. मला भीती वाटते. झोपवताना आकडे मोजायला लावतात म्हणे. कुठल्या तरी आकड्यावर मी तिथेच राहीन, असं सारखं वाटतं.

पत्र पोचेल तोवर सोमवार उलटलेला असेल. दिमोचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. आईला तूच सांग, माझ्याच्याने नाही होणार. आणि यांकाचं जे काही निघेल ते मला खरं सांग. मी आजारी आहे म्हणून खोटं बोलू नकोस.

तुझा, सोमवार सकाळपर्यंत तरी अख्खा,
रुमेन