पोलवेनच्या बागेतली वाट

मी, हेनरिएटा मेरी ट्रेवेनन, वय अडुसष्ट, अविवाहित, राहणार टेकडीवरचे घर, पोलवेन, कॉर्नवॉल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोके जाग्यावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मी जिवंत आहे तोवर माझ्याशी वाद घालून पाहावा. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. याची अंमलबजावणी ट्रुरोचे माझे वकील श्री. कर्नो यांनी करावी.

१. घर, उतारावरचे दगडी बांधांचे चार टप्पे, यू झाडांचे कातरलेले कुंपण, कारंजे आणि वरचे सगळे रान यांतले काहीही माझे नाही. वडिलांनी लिहून ठेवले की मी हयातभर इथे राहावे आणि माझ्यामागे सगळे माझ्या भावाचा मुलगा जर्व्हेस याचे व्हावे. मूठभर मातीही कोणाला द्यायचा मला अधिकार नाही. बाई माणसाच्या हाती बाग दिली तर ती वाटून टाकील, असे त्यांना वाटले. वडील माणसे ओळखण्यात सहसा चुकत नसत.

जर्व्हेस, गेल्या उन्हाळ्यात तू त्या हॉटेलवाल्यांना घेऊन आलास. जेवताना म्हणालास, "आत्या, सगळं जमलंय बघ. फक्त ते गावातले लोक बागेतून ये-जा करतात ना, ते बंद करावं लागेल. तारेचं कुंपण घालू." मी तुला आणखी बटाटे वाढले. खाली कलम तीनमध्ये आहे ते माझे उत्तर समज.

२. माझ्या स्वतःच्या वस्तूंपैकी कुंपण कातरायच्या कात्र्या जर्व्हेसला द्याव्यात. यू ऑगस्टात कातरायचे असतात. माणसे लावलीस तरी एकदा स्वतः कातरून पाहा, रागही उतरतो.

रेव्हरंड स्पार्गो यांनी माझ्या तांबड्या ऱ्होडोडेंड्रॉनची फांदी न विचारता नेली, तिचे झाड केले आणि फुलांच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस मारले. त्यांना मी क्षमा करते, कारण धर्म तसे सांगतो. माझे शेणखत कुठून येते हे मात्र त्यांना कोणी सांगू नये. त्याबद्दल धर्म काही म्हणत नाही.

बँकेत माझे जे काही उरेल ते गावसभेला द्यावे. त्यातून बागेतल्या वाटेच्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात, दुसरे काही नाही. कृपा करून माझ्या नावाची फरशी बसवू नये.

३. आता त्या वाटेबद्दल.

राजा एडवर्डच्या काळात वडिलांनी ही बाग केली, त्याआधी इथे नुसता डोंगर होता. वरच्या वस्तीतले खाणकामगार त्यावरून उतरून चर्चला जात. वडिलांनी त्याच लोकांकडून बांध घालून घेतले आणि त्यांच्या पायवाटेवर पायऱ्या बसवल्या. लोक चालत राहिले, वडिलांनी हरकत घेतली नाही. गुड फ्रायडेला मात्र खालच्या फाटकाला कुलूप लागे. इकडच्या जमीनदारांची ही जुनी रीत आहे. वर्षातून एक दिवस वाट अडवायची, म्हणजे बाकीचे दिवस लोक चालतात ते मालकाच्या मर्जीने, असे ठरते. न अडवता वीस वर्षे चालले तर वाट लोकांची होते.

अशाच एका गुड फ्रायडेला म्हातारे हॉकिन काठी टेकत वरून उतरले. या पायऱ्यांचे निम्मे दगड त्यांच्या हातचे. फाटक बंद पाहून ते म्हणाले, "रचल्या मीच, अन् अडवताय मलाच?" मग आल्या पावली चढून सडकेने लांबून गेले. बरोबरच्या नातीने, म्हणजे डॉर्कस हॉकिनने, फाटकाला सणसणीत लाथ घातली. मी वरच्या टप्प्यावरून बघत होते. मला वडिलांची लाज वाटली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या हिवाळ्यात वडील गेले. पुढच्या गुड फ्रायडेला मी कुलूप लावले नाही, आणि नंतरही कधी लावले नाही. 'खासगी' अशी पाटी वादळात पडली, ती चुलीत गेली.

मी श्री. कर्नोंना विचारले, "मी लोकांना सरळ 'या' म्हणून सांगितलं तर?"

"चुकूनही नको, मिस ट्रेवेनन! तुम्ही 'या' म्हणालात की तो तुमचा उपकार झाला. उपकार तुमच्याबरोबर मरेल. हक्क मरत नाही."

"मग वीस वर्षं झाल्यावर सांगू?"

"ज्या दिवशी कोणी वाट अडवील, त्या दिवसापासून वर्षं मागे मोजतात. तेव्हा शेवटपर्यंत गप्प राहायचं. चहासुद्धा विचारायचा नाही."

मी गप्प राहिले. माणसे दारावरून जात आणि मी गुलाबांकडे तोंड करून उभी राहत असे. हवा, पाऊस, गाजरे यांवर बोलण्याइतकी मुभा मी घेतली, पण तेवढ्याने कोणाशी मैत्री होत नाही. गावात मला शिष्ट म्हणतात, हे मला ठाऊक आहे. शिष्ट नव्हते हो मी. एकटी होते.

डॉर्कस रोज सकाळी यायची, मुद्दाम पाय आपटत. एकदा ओल्या पानांवरून घसरून पडली. मी धावत गेले, तिला उठवले, टोपी झटकून दिली.

"आता सांगा ना, बाईसाहेब, पुन्हा येऊ नकोस म्हणून!"

मी काहीच बोलले नाही.

"बरं, येत जा म्हणा. तेही नाही? जीभ गहाण टाकलीत की काय?"

ती लंगडत गेली. मी घरात येऊन रडले.

तेव्हा जर्व्हेस, बाग तुझी. वाट तुझी नाही आणि माझीही नाही, म्हणून ती मी कोणाला देत नाही. ती वरच्या वस्तीची आणि गावाची आहे. तिथून कोणीही माझ्या परवानगीने चालले नाही, कारण मी ती कधी दिलीच नाही. हवे तर डॉर्कसला विचार. मी तिच्याशी कशी वागले, हे ती आनंदाने शपथेवर सांगेल.

४. शेडमध्ये ओकचे एक बाक आहे, माझ्या पैशांनी घेतलेले. ते वाटेकडेला ठेवले असते तर बोलावणे ठरले असते, म्हणून आजवर झाकून ठेवले. ते डॉर्कस हॉकिनला द्यावे. तिचेही गुडघे आता कुरकुरतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणूनच तिची सही मागितली नाही. यावरूनही ती रुसली असेल.

हे वाचले जाईल तेव्हा माझ्या बोलण्याने कोणाचा हक्क बुडणार नाही. म्हणून आता बोलते. डॉर्कस, त्या दिवशी मला म्हणायचे होते, "रोज येत जा गं. तू आली नाहीस की मला हे घर खायला उठतं."

सही: हेनरिएटा मेरी ट्रेवेनन

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच खोलीत, वरील सही झाली:
जेथ्रो अँगोव्ह, पाववाले, पोलवेन
मॉर्वेना टॉय, परिचारिका, पोलवेन

स्थळ: पोलवेन, कॉर्नवॉल
दिनांक: ७ एप्रिल १९६१