चंद्रभान मेहेर, बोईसर, लाइव्ह

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. यशस्वी माणसं लिहितात, असं एका वेबिनारमध्ये ऐकलं. वेबिनार अर्धाच ऐकला, पण मुद्दा समजला.

बातमी: माझी निवड झाली. आधुनिक प्रोजेक्ट, प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ मॅनेजमेंटची व्हर्च्युअल कॉन्फरन्स आहे, शनिवारी पंधरा तारखेला. देशोदेशीचे लोक बसणार. त्यात ‘मेंबर्स व्हॉइस’ नावाचं सत्र, आणि त्यात दहा मिनिटं मी. विषय: स्टेकहोल्डरांशी, म्हणजे प्रोजेक्टशी संबंध येणाऱ्या सगळ्यांशी, संवाद. अर्ज केलेल्या सगळ्यांचीच निवड झाली, असं हेतल म्हणते. हेतल माझ्या हाताखालची ज्युनियर इंजिनिअर. तिने अर्जच केला नाही. म्हणजे असूया.

कंपनीत नवीन प्रोजेक्ट ऑफिस निघतंय. त्याला हेड लागणार. कॉन्फरन्सनंतर निमेशभाईंना दुसरं नाव सुचेल असं वाटत नाही. निमेशभाई मालक. आज त्यांना निवडीचं सांगितलं. म्हणाले, “छान, छान. पण चंद्रभानभाई, स्टोअर शेडचं छप्पर कधी?”

छप्पर! माणूस पोर्टफोलिओवर बोलतोय आणि हे पत्र्यावर.

४ नोव्हेंबर
मंदाला सांगितलं की घर हासुद्धा एक पोर्टफोलिओच आहे. ती म्हणाली, गॅस संपलाय.

५ नोव्हेंबर, रात्री
सराव करायला जागा नाही. घरात कुकर, वरच्या मजल्यावर मिक्सर. गच्चीवर बायका मसाला वाळवत बसलेल्या, त्या हलत नाहीत. प्लँटमध्ये ब्लोअरचा आवाज, शिवाय तिथे गेलं की लोक कामाचं विचारतात.

६ नोव्हेंबर
मार्ग काढला. ड्यूटी सुटल्यावर स्कूटर घेऊन थेट घिवलीचा किनारा. ओहोटी होती. समोर पाणी, मागे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. समुद्राला श्रोते मानलं. खणखणीत सुरुवात केली: “गुड मॉर्निंग एव्हरीबडी! आय अ‍ॅम चंद्रभान मेहेर फ्रॉम बोईसर!” संध्याकाळ होती, पण पंधराला माझा स्लॉट सकाळचा आहे. सराव तंतोतंत हवा.

बोंबील उतरवणाऱ्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. भाषा येत नसताना! आवाजात वजन असलं की झालं.

७ नोव्हेंबर
पुन्हा घिवली. आज जास्त बायका. ‘रिस्क’ हा शब्द मी तीनदा म्हणतो, दर वेळी एक हात वर. परिणाम जबरदस्त. एक बाई दोन पावलं मागे सरकली.

दुसरीने धीर करून विचारलं, “कोनाशी बोलता, भाऊ?” म्हटलं, स्टेकहोल्डरांशी. “कुठं हायत ते?” मी समुद्राकडे हात केला. म्हटलं, ते ऑनलाइन आहेत, पंधरा तारखेला सगळे येतील. तिने लगेच बाकीच्यांना हाक मारली.

८ नोव्हेंबर
ती बाई आज माझ्याबरोबर स्कूटरपर्यंत चालत आली. फार आस्थेने विचारत होती, “घरी कोन हाय का तुमच्या? फोन नंबर काय?” याला म्हणतात नेटवर्किंग. व्हिजिटिंग कार्ड दिलं. तिने दोन मागितली.

१० नोव्हेंबर, सोमवार
मंदाने जेवताना एकदम सांगितलं की उन्नतीच्या लग्नाची बोलणी तेवीस तारखेला आहेत. उन्नती आमची एकुलती एक. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथलाच मुलगा, रूपेश, मेंटेनन्सला आहे. दोघांचं आधीच ठरलंय, फक्त घरच्यांनी हो म्हणायचं राहिलंय. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. मंदा म्हणाली, तीनदा सांगितलं, तुम्ही कानात ते घालून बसला होता. मुलगी दाखवायचा कार्यक्रमही झाला म्हणे, मंदाच्या भावाकडे, जिव्याकडे. मी तेव्हा वेबिनारला होतो.

माणसं घिवलीची. मुलाची आई जमनाबाई, बोईसरच्या बाजारात मासे घेऊन बसते. म्हटलं, वा, घिवलीत माझं नाव झालेलंच आहे. मंदाने विचारलं, कसलं नाव? सांगितलं नाही. पंधराला कळेलच.

उन्नती हसत होती. किती दिवसांनी हसली. तिला म्हटलं, बोलण्यांसाठी मी चार्ट करून देतो. “नको पप्पा,” म्हणाली. लाजते.

१२ नोव्हेंबर
छपराचे पत्रे आले. फिटर लोक येऊन विचारून गेले, “साहब, चढ़ाना है क्या?” म्हटलं, आधी प्लॅन फायनल होऊ दे. दोन दिवस त्या पत्र्यांवर बसून चहा पितायत. कामाची शिस्तच नाही कोणाला.

१४ नोव्हेंबर
उद्या. बेडरूमच्या दारावर कागद लावला: ‘लाइव्ह आहे. कोणीही, कशासाठीही, ठोकू नये.’ मंदाने विचारलं, आग लागली तर? म्हटलं, एस्कलेट कर, म्हणजे वरच्याला कळव.

१५ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी
झालं!

क्रमाने लिहितो. कनेक्शन उत्तम. माझं नाव पुकारलं. स्लाइड फुल स्क्रीन केली, त्यामुळे कोणाचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याने एकाग्रता वाढते. बोललो. शेवटपर्यंत एकही अडथळा नाही, एकही प्रश्न नाही, हूं की चूं नाही. देशोदेशीचे लोक आणि अशी शांतता! संपल्यावर स्लाइड काढली तर पुढच्याचं भाषण चालूसुद्धा झालेलं. वेळेचं काटेकोर नियोजन असतं या लोकांचं.

बाहेर आलो तर हॉलमध्ये पाहुणे. जमनाबाई, तिचा दीर आणि आणखी एक बाई. सहज आलो म्हणाले, तेवीसच्या आधी घर बघायला. मधल्या भिंतीतून पूर्ण भाषण त्यांनी ऐकलं होतं. मंदा पांढरीफटक पडली होती. आणि गंमत म्हणजे ती तिसरी बाई तीच, किनाऱ्यावरची! मी आनंदाने ओरडलोच. म्हटलं, बघा, आले की नाही सगळे पंधराला?

ती दिराच्या मागे गेली.

माझा उत्साह ओसंडत होता. जमनाबाईंना म्हटलं, एक ते पाचमध्ये किती देणार? खरं सांगा, फीडबॅक महत्त्वाचा. त्या उठून माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी हळू. म्हणाल्या, “पाच. पाच दिले, भाऊ. तुमी बसा आता. पानी प्या.” पैकीच्या पैकी. बाजारात बसणारी बाई, पण गुणांची पारख आहे.

मग त्या उन्नतीला विचारायला लागल्या की वडील कधीपासून असे आजारी हायत. उन्नती माझ्या बाजूने ठाम उभी राहिली. म्हणाली, “आजारी नाहीत हो. ते असेच आहेत. पहिल्यापासून.”

मुलीने असं म्हणावं! भरून आलं.

१६ नोव्हेंबर
जिव्या आला. म्हणाला, घिवलीकरांनी बोलणी पुढे ढकललीत, तारीख कळवू म्हणाले. मी त्याला शेड्यूल स्लिपेजची कारणं समजावली. तो मंदाकडे बघत राहिला. मंदा आत गेली. कारण कोणीच धड सांगत नाही. समोरच्या पार्टीकडे प्लॅनिंग नाही, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
निमेशभाई कॉन्फरन्सबद्दल काही बोलले नाहीत. हेतलने मोबाईलवर बघितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उगाच पेन फिरवत उभी राहिली. शेवटी म्हणाली, “सर, तुम्ही म्यूटवर होता.” म्हटलं, कधी? “पूर्ण वेळ, सर. ते लोक सांगत होते. चॅटमध्येपण लिहीत होते. मग त्यांनी पुढच्याला घेतलं.”

चिडून म्हटलं, मग फोन का नाही केला? केला होता म्हणे, सात-आठ वेळा. तो मी बंद ठेवला होता, व्यत्यय नको म्हणून.

संध्याकाळी विचार केला. माझ्या स्लाइड स्वयंस्पष्ट होत्या. आवाजाची गरज होतीच असं नाही.

१८ नोव्हेंबर
शेडवर पत्रे चढलेले आज पाहिले. मी नसताना शनिवारी हेतलने फिटर लोकांना वर चढवलं. प्लॅन फायनल नसताना! निमेशभाईंनी सगळ्यांसमोर प्रोजेक्ट ऑफिसची हेड म्हणून तिचं नाव जाहीर केलं. मी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मला नकोच होती ती जागा. फिरती असते.

घरी कोणाला सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
ड्यूटीवरून आलो तर रूपेश घरी बसलेला. चांगला मुलगा आहे. नजर वर करत नव्हता. म्हणाला, “काका, एक विचारू? राग नका मानू. तुम्हाला झोप लागते ना नीट?” म्हटलं, उत्तम लागते. “आणि तुमचे वडील? त्यांना पण असं… होत होतं का?” म्हटलं, माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “मी आईला सांगतोय, काका, की हल्ली सगळे असेच बोलतात, मोबाईलवर, लॅपटॉपवर. पण ती म्हणते, लॅपटॉप होता कुठं? समोर नुसता दर्या होता.”

मी हसलो. तो हसला नाही.

तो गेल्यावर उन्नतीच्या खोलीचं दार बंद होतं. आतून आवाज येत होता. आधी वाटलं फोनवर बोलते आहे. रडत होती.

२० नोव्हेंबर
काल झोप लागली नाही. रूपेशला सांगितलं ते आता खोटं ठरलं.

सकाळी मंदाला विचारलं, खरं सांग, काय झालंय. तिने हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि सांगितलं. पूर्ण घिवलीत झालंय. बोईसरचा मेहेर रोज येऊन समुद्राशी भांडतो, हात वर करून ‘रिस, रिस’ ओरडतो, पाण्यातून माणसं येणार म्हणतो. नाव-पत्त्याची कार्डं वाटतो. त्यावरूनच जमनाबाईला कळलं की हे आपले होणारे व्याही. त्या शनिवारी घर बघायला आल्या नव्हत्या. मला बघायला आल्या होत्या. रक्तात असलं काही असेल तर मुलगी करायची कशी, हा त्यांचा प्रश्न आहे.

मी म्हटलं, हे तर साधं मिसकम्युनिकेशन आहे. मी आत्ता जातो आणि अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन देऊन सगळं क्लिअर करतो. लॅपटॉप उचललासुद्धा.

मंदा दाराशी आडवी उभी राहिली. पंचवीस वर्षांत तिने माझ्यापुढे हात जोडले नव्हते. आज जोडले. “अहो, नका. तुम्ही समजवायला गेलात तर संपलंच.”

उन्नती तिच्या मागे उभी होती. डोळे सुजलेले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लॅपटॉप ठेवला. कामावर गेलो. नव्या शेडमध्ये बराच वेळ उभा राहिलो. छप्पर चांगलं झालंय.

२१ नोव्हेंबर
मंदा आणि उन्नती घिवलीला जाऊन आल्या. मला नेलं नाही. काय बोलल्या ते विचारलं. मंदा म्हणाली, बोलणी तेवीसलाच आहेत, पण एक अट आहे. म्हटलं, कोणाची? म्हणाली, माझी. तुम्ही यायचं, बसायचं, आणि जे विचारतील त्याला हो म्हणायचं. मी विचारलं, काय विचारणार आहेत? ती म्हणाली, “काही का विचारेनात.”

माझं मत असं की नेतृत्वात कधीकधी मागे राहावं लागतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
घिवली. त्यांच्या अंगणात मांडव घातला होता. मला एका खुर्चीत बसवलं. शेजारी रूपेशचे आजोबा, त्यांना ऐकू येत नाही. आमचं बरं जमलं.

हॉल कुठला, जेवण काय, माणसं किती, सगळं तिकडे चाललं होतं. पंगतीचं नियोजन साफ चुकत होतं. एकाच वेळी दोन्ही गावं जेवायला बसवणार होते, आणि वाढपी कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. जीभ नुसती वळवळत होती. दोनदा उठलो. दोन्ही वेळा उन्नतीने लांबूनच माझ्याकडे बघितलं. दोन्ही वेळा बसलो.

तारीख ठरली. साखर वाटली. उन्नती रूपेशच्या बहिणींमध्ये हसत उभी होती, तेवढ्यात जमनाबाई माझ्यासाठी सरबत घेऊन आल्या. मागे घरचे, शेजारचे, बरेच लोक. सगळे जरा लांब थांबले. कोणी पोरांना मागे ओढलं.

जमनाबाई म्हणाल्या, “मंदाताईंनी सांगितलं आमाला सगळं. कामाचा लय ताप झाला, डोक्यावर गेला. होतं मानसाला, त्यात लाजायचं काय हाय? इलाज चालू हाय ना?”

इलाज?

मंदाकडे बघितलं. ती साडीच्या काठाशी चाळा करत होती. उन्नतीचं हसू थांबलं होतं. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. इतके श्रोते मला आयुष्यात कधी मिळाले नाहीत, आणि मी म्यूटवरही नव्हतो.

“हो,” म्हटलं. “चालू आहे.”

“गुन येतोय?”

“येतोय.”

“मंग झालं तर!” जमनाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वळून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, “बघा, किती फरक पडला! मानूस सकाळपासून एक शब्द बोलला नाय.”